कान्ल्यावरचे झाड

आपल्या देशाच्या उत्तरेस, हिमालयाच्या कुशीत, नेपाळ देश पसरलेला आहे. नेपाळचे नाव निघताच बर्फाने झाकलेली उत्तुंग शिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ही शिखरे पाहावयाची. तेथे कोणी घर बांधून राहत नाही. नेपाळी शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या त्या शिखरांच्या बऱ्याच खाली असलेल्या मधल्या डोंगरांत. या मुलखाला तेथे ‘पहाड’ म्हणतात. उभ्या चढणीचे हे डोंगर शेतकऱ्यांनी कुदळीने कोरले आणि त्यांना पायऱ्या पाडल्या. एकेक पायरी म्हणजे एकेक शेत. काही शेते इतकी अरुंद असतात की, बैलांची जोडी वळवावयाची म्हटली तरी पंचाईत पडावी. दुरून पाहिले म्हणजे सारा डोंगर नदीकाठच्या एखाद्या प्रचंड घाटासारखा दिसतो.

ज्या पायरीला ओढ्याचे पाणी मिळते ते ‘खेत’. तेथे भात होतो. जिला केवळ पावसाचा आधार ती ‘बारी’. तीत मका आणि कोदो पिकतात. हा कोदो म्हणजे आपल्याकडचा कोद्रू नव्हे. आपण ज्याला नाचणी म्हणतो तेच ते धान्य. वरची पायरी आणि खालची पायरी यांच्यामध्ये मातीची जी उभी भिंत राहते, तिला ‘कान्ला’ असे नाव आहे. कान्ल्यावर पीक येत नाही. तेथे गवत वाढते, आणि गवतातून मधूनमधून झाडे उभी असतात. परक्या माणसाला ती आपोआप उगवलेली वाटतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक झाडे कोणीतरी विचार करून लावलेली किंवा विचार करून राखलेली असतात.

या झाडांचे महत्त्व समजण्यासाठी पहाडातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. दाराशी एक म्हैस, बैलांची जोडी आणि दोनचार शेळ्या आहेत. चरावयास मोकळे रान थोडे, म्हणून जनावरे बहुतेक काळ गोठ्यातच बांधलेली असतात. वर्षाच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्या दिवसांत गवताला तोटा नसतो. मार्गशीर्ष-पौष आला की गवत वाळू लागते, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत हिरवी काडी दुर्मीळ होते. या दिवसांत म्हैस तगते ती मुख्यतः झाडाच्या पाल्यावर. घरातील स्त्री सकाळीच कोयता घेऊन निघते, झाडावर चढून डहाळ्या छाटते, ‘डोको’ नावाच्या बांबूच्या मोठ्या टोपलीत त्या भरते आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन, ओझे पाठीवर तोलीत चढण चढते. तो पाला म्हैस खाते आणि घराला दूध-तूप मिळते. गोठ्यातील शेण व जनावरांखाली अंथरलेला पालापाचोळा यांचे खत होते, ते बारीत जाते आणि त्यावर मका पोसतो. पाला कमी पडला की दूध आटते, खत घटते आणि पुढच्या वर्षी कणगीही रिकामी राहते.

म्हणून कान्ल्यावर कोणते झाड लावावे, हा प्रश्न त्या घराला जिव्हाळ्याचा असतो. मका चुकला तर पुढच्या हंगामात बदलता येतो. झाडाचे तसे नाही. ते वाढून त्याचे गुणदोष कळेपर्यंत काही वर्षे निघून जातात, आणि तोवर त्याने अडवलेली जागा अडलेलीच राहते.

हा प्रश्न सोडवावयास सरकारी खाती व परदेशी तज्ज्ञ पहाडात उतरले, तेव्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९५७ साली नेपाळ सरकारने कायदा करून खाजगी मालकीची जंगले सरकारच्या ताब्यात घेतली. जंगल राखले जावे हा त्यामागील हेतू. परंतु आपल्या जमिनीत झाडे दाट वाढली तर तीही जंगल ठरून हातची जाईल, अशी धास्ती पुष्कळ शेतकऱ्यांना वाटू लागली. पुढे डोंगर उघडे पडत चालल्याची चिंता वाढली, आणि १९७८ साली नियम करून गावाजवळची वने व उजाड जमिनी स्थानिक पंचायतींकडे सोपवण्यास आरंभ झाला. काठमांडूच्या पूर्वेकडील सिंधुपाल्चोक व काभ्रेपलाञ्चोक या जिल्ह्यांत ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने हजारो हेक्टर उजाड जमिनीवर रोपे लागली. त्यांत फार मोठा भरणा होता तो चीड वृक्षाचा आणि त्याच्या भाऊबंदांचा.

चीडच का? ज्यांनी तो निवडला ते अडाणी नव्हते. उजाड उतारावर माती पातळ, ऊन कडक, आणि मोकाट गुरांचे तोंड सदा खाली. अशा जागी रुंद पानांची कोवळी रोपे जगवणे कठीण जात असे. चीडचे रोप मात्र चिवट. त्याची सुईसारखी पाने गुरे सहसा खात नाहीत, आणि त्याचे बी मिळवून रोपवाटिकेत रोपे तयार करणेही सोपे. हां हां म्हणता उघडे डोंगर हिरवे दिसू लागले. एवढेच नव्हे, तर कित्येक ठिकाणी चीडच्या आश्रयाने चिलाउने, कटुस यांसारखे मूळचे रुंदपर्णी वृक्षही पुढे आपोआप उगवून आले. या कामाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जो गुण रोपाला तारक ठरला, तोच गोठ्याला निरुपयोगी होता. गुरे खात नाहीत म्हणून चीड जगला. आणि गुरे खात नाहीत म्हणूनच डोको घेऊन निघालेल्या स्त्रीला त्याच्याकडे पाहून काही लाभ नव्हता. त्याच्या सुया कुजावयास वेळ लागतो, त्यामुळे खतासाठीही त्या दुय्यमच. डोंगर हिरवा झाला, पण म्हशीचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

मग शेतकरी काय करीत होते? मध्य नेपाळातील काही गावांची १९६४ साली विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि त्याच भागाची १९८८ सालची छायाचित्रे अभ्यासकांनी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बारीतील झाडे या चोवीस वर्षांत पुष्कळ वाढलेली दिसली. सरकारी रानात मनाजोगा पाला मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या कान्ल्यांवर आपल्या पसंतीची झाडे वाढवली होती. जेथे जगाला उजाडपणा दिसत होता तेथे ही वाढ मुकाट्याने चालली होती. ती पसंती कशी ठरत होती, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

हा प्रश्न नीट विचारला गेला तो नेपाळच्या पूर्व भागात. धनकुटा जिल्ह्यात पाख्रीबास येथे एक कृषिकेंद्र आहे. तेथील संशोधक आणि ब्रिटनमधील बँगोर विद्यापीठाचे अभ्यासक यांनी १९९०च्या दशकात शेजारच्या तेह्रथुम जिल्ह्यातील सोल्मा या गावी शेतकऱ्यांशी दीर्घकाळ संवाद केला. त्यांनी आपले सांगणे बाजूस ठेवले आणि शेतकरी काय सांगतात ते वाक्यावाक्याने टिपून घेतले. ती वाक्ये संगणकात अशा रीतीने साठवली की, एका गोष्टीचा दुसरीशी असलेला कार्यकारणसंबंध पाहता यावा. त्यातून जे बाहेर आले ते निव्वळ समजुतींचे गाठोडे नव्हते. त्यात एक सुसंगत शास्त्र होते. त्या शास्त्राला स्वतःची परिभाषाही होती.

ती परिभाषा मराठी कानाला फारशी परकी वाटणार नाही. पाल्याचे गुण शेतकरी दोन अंगांनी सांगत. एक गुण ‘पोसिलो’. आपल्या ‘पोसणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. जो पाला खाऊन जनावर अंग धरते, दूध वाढते आणि त्या दुधाला तूप चांगले पडते, तो पाला पोसिलो. दुसरा गुण ‘ओभानो’, म्हणजे कोरडा व उबदार. त्याच्या उलट ‘चिसो’, म्हणजे थंड व ओला. ओभानो पाला खाल्ला की जनावराचे शेण घट्ट पडते. चिसो पाल्याने ते पातळ होते. थंडीच्या दिवसांत कोणता पाला किती द्यावा, कशात काय मिसळावे, याचा हिशेब या दोन गुणांवरून बसवला जाई. एकच झाड सर्व काळ सारखेच, असेही ते मानीत नसत. पाला कोवळा आहे की जून, झाड कोणत्या महिन्यात छाटले, यावरही त्यांचे मत ठरे.

बडहर हे झाड शेतकऱ्यांच्या विशेष आवडीचे. आपल्याकडे त्याला वोटोंबा म्हणतात. फणसाच्या कुळातील हा वृक्ष. मात्र तो उबदार खालच्या उतारावरच चांगला वाढतो. निमारो, खन्यु आणि दुधिलो ही झाडे आपल्या उंबराची भावंडे. यांतील खन्युची गोष्ट मोठी मजेदार आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात खन्यु ही एकच जात दिलेली असते. शेतकरी मात्र ‘राई खन्यु’ आणि ‘खस्रे खन्यु’ असे दोन वेगळे प्रकार मानतात. ‘खस्रो’ म्हणजे खरखरीत. पानावरून बोट फिरवले की त्यांना फरक कळतो, आणि म्हशीला कोणता द्यावयाचा हेही कळते. रोपवाटिकेतील कारकुनाने वहीत नुसते ‘खन्यु’ असे लिहिले, तर शेतकऱ्याने मागितलेले झाड त्याला मिळेलच याचा भरवसा काय?

शेतकऱ्यांच्या या क्रमवारीची मग प्रयोगशाळेत पारख झाली. हे काम वाटते तितके सरळ नव्हते. पाल्यात प्रथिने किती आहेत, एवढेच मोजून भागत नाही. कित्येक झाडांच्या पानांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते; ते प्रथिनांना बांधून ठेवते आणि मग ती प्रथिने जनावराच्या अंगी पुरती लागत नाहीत. म्हणून पाला पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हेच तपासावे लागले. तेव्हा असे दिसून आले की, शेतकरी ज्याला पोसिलो म्हणतात त्या पाल्यातून जनावराच्या आतड्यापर्यंत प्रथिने अधिक पोहोचतात. आणि ओभानोपणाचा संबंध पाला किती पचतो याच्याशी जुळतो. शेतकऱ्यांजवळ उपकरणे नव्हती. त्यांनी दुधाचे भांडे आणि शेणाचा पो यांवरून वर्षानुवर्षे हीच मोजणी केलेली होती.

पाल्याइतकेच बारकाईने ते मातीकडे पाहत. ज्या झाडाखालची माती कसदार होते ते झाड ‘मलिलो’. जे मातीचा कस ओढून घेते ते ‘रुखो’, म्हणजेच रूक्ष. आणि तिसरा शब्द तर फारच चित्रमय आहे: ‘तप्कन’. झाडाच्या पानांवरून टपकणारे पाणी म्हणजे तप्कन. झाड लावले की माती धुपत नाही, हे आपण सारेच घोकत आलो. सोल्माचे शेतकरी म्हणत, झाड कोणते त्यावर ते अवलंबून आहे. रुंद पानावर पावसाचे लहान थेंब एकत्र येतात, त्यांचा एक मोठा थेंब होतो, आणि तो उंचावरून खाली आदळून माती उडवतो. बारीक पानांच्या झाडाखाली हा मारा कमी. म्हणून रुंद पानांचे उंच झाड कोठे असावे आणि कोठे नसावे, याचा ते विचार करीत.

सह्याद्रीतील सागाच्या रानात पावसाळ्यात गेलेल्या माणसाला ही गोष्ट सहज पटेल. बाहेरची सर थांबली तरी सागाच्या सुपाएवढ्या पानांवरून टपोरे थेंब टपटप पडतच असतात, आणि पाचोळा जळून गेलेला असेल तर खालची तांबडी माती उडून बुंध्याला चिकटते. दक्षिण भारतात शास्त्रज्ञांनी झाडांवरून गळणाऱ्या थेंबांचे प्रत्यक्ष मोजमाप केले आहे. त्यातही सागावरून गळणारे थेंब चीडवर्गीय झाडाच्या सुयांवरून गळणाऱ्या थेंबांपेक्षा मोठे आणि अधिक जोराचा मारा करणारे आढळले.

अर्थात शेतकऱ्याला सर्वच ठाऊक असते असे म्हणणे म्हणजे दुसरे टोक गाठणे होय. जे डोळ्यांना दिसते ते त्याने पारखलेले असते. जे दिसत नाही ते शास्त्राकडूनच कळावयाचे. उतिस नावाचा वृक्ष दरड कोसळलेल्या नागड्या जमिनीवरही जोमाने वाढतो आणि पूर्व नेपाळात त्याच्या सावलीत मसाल्याच्या मोठ्या वेलचीची लागवड करतात. उतिसच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत सूक्ष्म जीव राहतात आणि ते हवेतील नत्र मातीत आणतात, हे ज्ञान सूक्ष्मदर्शकाचे. तसेच परमुलखातून आलेल्या नव्या झाडाविषयी आजोबांचा अनुभव उपयोगी पडत नाही, कारण आजोबांनी ते झाड पाहिलेलेच नसते.

नव्या झाडाबाबत तज्ज्ञही कधी कधी फसतात. सुबाभूळ हे मूळ मध्य अमेरिकेकडचे झाड महाराष्ट्रातील शेताबांधांवर आले, तसेच ते नेपाळातही गेले. तेथे त्याला ‘इपिल-इपिल’ म्हणतात. भराभर वाढणारे, पाल्याने समृद्ध, असा त्याचा मोठा लौकिक होता. परंतु थंड उंचीवर दंव पडले की ते करपते. शिवाय १९८०च्या दशकात त्याच्या कोवळ्या पानांचा रस शोषणारा एक बारीकसा कीटक देशोदेशी पसरत आशियात आला आणि ठिकठिकाणच्या सुबाभळी ओक्याबोक्या झाल्या. ज्यांच्या कान्ल्यावर पाचसहा जातींची झाडे होती त्यांचे थोडक्यात निभावले. ज्याने एकाच झाडावर भिस्त ठेवली असेल त्याच्या गोठ्याचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यावरून आता कित्येक ठिकाणी झाड निवडण्याची रीतच पालटली आहे. रोपे आणण्यापूर्वी कार्यकर्ते गावकऱ्यांबरोबर शेताशेतांतून फिरतात. हे झाड येथे का, तेथे का नाही, असे विचारतात. मग अंगणात गोणपाट अंथरून त्यावर निरनिराळ्या झाडांच्या डहाळ्या ओळीने मांडतात आणि माणसांना मक्याचे दाणे देतात. पाल्यासाठी कोणते झाड चांगले? सरपणासाठी कोणते? पिकाला सावलीचा त्रास कोणाचा कमी? प्रत्येक प्रश्नाला ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे डहाळीपुढे दाणे ठेवावयाचे. अक्षरओळख नसलेली आजीही या परीक्षेत मागे राहत नाही. किंबहुना परीक्षक तीच असते.

मात्र अंगणात कोण बसले आहे, हे पाहणे फार आवश्यक असते. सभेला बोलावणे गेले की पुढे येऊन बसतात ते बहुधा पुरुष. ते इमारती लाकडाच्या आणि विकावयाच्या फळांच्या झाडांपुढे दाणे ठेवतात. पाला कापून आणणारी आणि म्हशीपुढे टाकणारी स्त्री मागे उभी असते. तिला वेगळे विचारले की दाण्यांच्या राशी जागा बदलतात. शिवाय घराघराची गरजही एक नसते. ज्याला जमीन बरी आहे त्याला चार झाडे लाकडासाठी वाढू देणे परवडते. ज्याला एकच अरुंद बारी आहे त्याला सावली सोसत नाही. ज्या घरातील तरुण मुले मजुरीसाठी आखाती देशांत किंवा मलेशियात गेली आहेत, त्या घराला वरचेवर छाटणी मागणारे झाड नको असते, छाटणार कोण? आणखी एक पेच असा की, झाड कान्ल्याच्या मालकाचे असते, पण सावली पडते ती खालच्या पायरीवर, आणि खालची पायरी कधी कधी शेजाऱ्याची असते. तेव्हा शेजाऱ्यालाही विचारणे आलेच.

आपल्याकडच्या डोंगराळ मुलखात हे सारे अपरिचित नाही. कोकणातील शेतकऱ्याला राबासाठी ऐन-किंजळाचा टहाळ किती आणि केव्हा तोडावा हे सांगावे लागत नाही. वरकस जमिनीच्या बांधावर कोणते झाड राहू द्यावे, याचे त्याचेही ठोकताळे आहेत. ते कोणी लिहून घेतले तर त्यातूनही पोसिलो-ओभानोसारखे शब्द हाती लागतील.

नेपाळात १९९३ सालच्या वनकायद्याने गावकऱ्यांच्या उपभोक्ता समूहांना जवळचे वन सांभाळण्याचा आणि त्याचा उपयोग घेण्याचा अधिकार दिला. असे समूह आता २२ हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या सभांतून आजही वाद होतात. सागवानी वा चंदनी भावाच्या गोष्टी ऐकून कोणी नवे झाड मागतो, कोणी जुन्या बडहरलाच धरून बसतो. ओस पडलेल्या बाऱ्यांत काय लावावे, हा अलीकडचा नवा वाद. जेठ महिना सरत आला की मात्र वाद थांबवावा लागतो, कारण पहिल्या दमदार पावसाबरोबर रोपे जमिनीत गेली पाहिजेत. मग रोपवाटिकेच्या दारात डोकोंची रांग लागते. कोणाच्या डोकोत निमारोची दहा रोपे आणि दोन बडहर, कोणाच्या डोकोत नुसते उतिस. आणि एखादी म्हातारी खन्युच्या प्रत्येक रोपाच्या पानावरून अंगठा फिरवून खात्री करून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.